नसलेला मोतीबिंदू

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. पाण्याच्या बाटलीच्या टोपणाहून थोडं मोठं, काळ्या प्लास्टिकचं, एका तोंडाला काच बसवलेलं. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस मला भुवई आणि गाल यांच्यामध्ये दाबून धरतो, आणि मग मुंगीच्या पायाएवढा स्क्रूसुद्धा त्याला ठसठशीत दिसतो. आता मी कुणाच्या उपयोगाचा राहिलेलो नाही. पण ज्याच्या डोळ्याला मी अडतीस वर्षं चिकटून होतो त्याचं काय झालं, ते मी सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार?

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती पुण्याच्या पेठेतल्या एका दुकानाची. तिथे घड्याळांचे सुटे भाग मिळत. १९८४ साली नगर जिल्ह्यातून एक वीस वर्षांचा तरुण तिथे आला. त्याचं नाव आमोस चक्रनारायण. नगरच्या एका उस्तादाकडे काम शिकून तो घोडेगावात स्वतःची टपरी टाकणार होता. दुकानदाराने तीन भिंगं पुढे ठेवली. त्याने तिन्ही उजव्या डोळ्याला लावून पाहिली आणि मला उचललं. डाव्या डोळ्याचा प्रश्नच नव्हता. लहानपणी बाभळीचा काटा लागून त्या डोळ्याच्या बुबुळावर पांढुरका डाग पडला होता. त्या डोळ्याने माणसाचा आकार कळे, चेहरा कळत नसे. आमोसजवळ जी काही नजर होती, ती सगळी उजव्या डोळ्यात.

घोडेगावच्या स्टँडजवळ त्याची टपरी होती. शिंगणापूरला जाणाऱ्या-येणाऱ्या भाविकांच्या गाड्या समोरून जात, शुक्रवारी जनावरांचा बाजार भरे, आणि बाजाराला आलेली माणसं बंद पडलेली घड्याळं आमोसच्या हातात देऊन बैल बघायला जात. संध्याकाळी परत येत तेव्हा घड्याळ टिकटिकत असे. लग्नात मिळालेली, नोकरीतून रिटायर होताना मिळालेली, वडिलांच्या मनगटावरून उतरवलेली, अशी कितीतरी घड्याळं आमच्या हातून गेली. चर्चमधलं भिंतीवरचं मोठं घड्याळही आमोसच नीट ठेवायचा. काम झालं की प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो सुईने तारीख आणि ‘आ’ हे अक्षर कोरत असे. ते इतकं बारीक असे की माझ्याशिवाय कुणाला वाचताच येत नसे. “आपन काय केलं हे पुढच्या कारागिराला कळाया पायजे,” असं तो बायकोला, दयाला, सांगायचा.

त्यांची एकच मुलगी, प्रार्थना. लहान असताना ती मला डोळ्याला लावून स्वतःच्या बोटावरच्या रेषा बघत बसे. पुढे ती शिकली आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला लागली. मोबाईल आल्यावर घड्याळं कमी झाली, तरी आमोसची टपरी चालू राहिली, कारण सोनईपासून वडाळ्यापर्यंत बारीक काम करणारा दुसरा कुणी उरला नव्हता.

मित्रांनो, त्या डोळ्याइतकं मी दुसरं काहीच जवळून पाहिलेलं नाही. अर्ध्या इंचावरून पाहिला आहे मी तो. त्याची बाहुली काळीशार, स्वच्छ होती. पन्नाशीनंतर पेपर वाचायला त्याला चष्मा लागला, तसा तो सगळ्यांनाच लागतो. पण मोतीबिंदूचा धुरकटपणा मी त्यात एकदाही पाहिला नाही.

२०२२ सालचा फेब्रुवारी महिना होता. शेजारच्या टपरीत चहा करणाऱ्या मच्छिंद्रला खरोखरच मोतीबिंदू झाला होता. तो दूध ग्लासाच्या बाहेर ओतायचा. शुक्रवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये डोळ्यांचं मोफत शिबिर होतं, आणि एकट्याला भीती वाटते म्हणून त्याने आमोसला सोबत नेलं. मी नेहमीसारखा आमोसच्या शर्टाच्या खिशात होतो.

गावातला श्रीमंत नावाचा माणूस शिबिरासाठी लोक गोळा करत होता. माणसामागे त्याला काही मिळत असे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

“तुमीबी बसा की आमोसभाऊ,” तो म्हणाला. “फुकट हाय.”

“मला काय झालंय? मला दिसतंय.”

“दिसत असंल वो. आत काय चाललंय ते डाक्टरलाच कळतं.”

पांढरा कोट घातलेल्या एका माणसाने आमोसच्या डोळ्यांत बॅटरी मारली. थेंब टाकले नाहीत, अक्षरांचा तक्ता वाचायला लावला नाही. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल.

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकलाय. आत फुटला तर डोळा कायमचा जाईल.”

“साहेब, मी घड्याळजी आहे,” आमोस म्हणाला. “परवाच लेडीज घड्याळ जोडलंय मी.”

“म्हणूनच सांगतोय. पोट डोळ्यावर आहे ना तुमचं? मग उशीर करू नका.”

मी खिशात होतो. आमोसने खिशावर हात नेऊन मला चाचपलं. त्या माणसाने नेमकी जागा हेरली होती.

घरी दया म्हणाली, “दिसतंय तर कापायचं कशाला? नगरला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू की आधी.”

“आन् तवर फुटला तर? दुसरा डोळा हाय का मला, दया?”

दोन दिवस तो काम करताना मधेच थांबे, मला काढून डोळा चोळे आणि स्वतःलाच विचारी, “धूसर दिसतंय का जरा?” दिसत नव्हतं. पण भीती एकदा डोळ्यात शिरली की सगळंच धूसर वाटू लागतं. प्रार्थनाला काळजी नको म्हणून त्याने फोनवर काहीच सांगितलं नाही.

सोमवारी टेम्पो आला आणि चौदा जणांना नगरला घेऊन गेला. आमोससोबत दयाही गेली. त्या हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही. तिथे आधी सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले, आणि थेंबांनी समोरचं सगळं अंधूक झाल्यावर सह्यांचे कागद पुढे केले. “इथं करा, इथं करा,” असं म्हणत एक बाई बोट ठेवत गेली, आणि आमोस सह्या करत गेला. मग त्याला हिरवा गाउन घातला आणि त्याचा शर्ट पिशवीत घालून दयाच्या हातात दिला. मी त्या पिशवीत होतो. एकामागून एक माणसं आत जात होती आणि डोळ्याला पट्टी बांधून बाहेर येत होती. बाकावर बसलेली दया ओठांतल्या ओठांत प्रभूची प्रार्थना म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मच्छिंद्रने भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं आणि तो रडायला लागला, इतका त्याला आनंद झाला होता. आमोसला मात्र धुकं दिसत होतं. “होतं तसं, चार दिवसांनी निवळेल,” असं सांगून त्यांनी त्याला घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी डोळा ठणकू लागला. दयाने फोन केला. “थेंब टाकत राहा,” असं उत्तर मिळालं. पाचव्या दिवशी डोळा लाल झाला आणि पू आला. तेव्हा कुठे दयाने प्रार्थनाला कळवलं. ती सुप्याहून अर्ध्या पाळीत निघून आली आणि वडिलांना पुण्याला घेऊन गेली.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वेळा डोळ्यात इंजेक्शन दिलं, एकदा ऑपरेशन केलं. डोळ्याचा गोळा वाचला. उजेड वाचला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, “ऑपरेशनच्या आधी तुम्हाला किती दिसत होतं?”

“घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग बसवत हुतो,” आमोस म्हणाला.

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. “मग ऑपरेशन कशासाठी केलं?” त्यांनी विचारलं.

महिन्याभराने त्याने टपरी उघडली. समोर कुणाचं तरी बंद घड्याळ ठेवलं आणि मला डाव्या डोळ्याला लावलं. मी घसरून खाली पडलो. त्या बाजूच्या भुवईला मला धरायची सवयच नव्हती. त्याने पुन्हा लावलं, मी पुन्हा पडलो. मग, नकळतच असेल, त्याने मला उजव्या डोळ्याला लावलं, आणि भुवईने मला घट्ट धरलं, अगदी पहिल्यासारखं. मी माझ्या जागेवर होतो. समोरची बाहुली पांढुरकी झाली होती. मी उजेड गोळा करून आत पाठवत होतो आणि आत घेणारं कुणी नव्हतं. आमोस तसाच बसून राहिला. मच्छिंद्र चहा घेऊन आला, त्याने ग्लास ठेवला आणि निघून गेला.

प्रार्थनाने हॉस्पिटलकडे कागद मागितले. तीन खेपा घातल्यावर ते मिळाले. टपरीच्या फळीवर बसून तिने ते वाचले.

“पप्पा, शुक्रवारच्या तपासणीत लिहिलंय, उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, फक्त समोर धरलेली बोटं मोजता येतात.”

“बोटं?” आमोस म्हणाला. “बुधवारी मी सोनईच्या सविताबाईंचं लेडीज घड्याळ जोडलं. गुरुवारी त्या घेऊन गेल्या.”

“डाव्या डोळ्यापुढेही तेच लिहिलंय. पिकलेला मोतीबिंदू.”

नगरच्या राजेश्वरी दरंदले या वकीलबाईंनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “काका, इन्फेक्शन कुणालाही होऊ शकतं असं ते म्हणतील. आपलं म्हणणं एकच आहे. हे ऑपरेशन करायची गरजच नव्हती. ते सिद्ध करावं लागेल, आणि तो डोळा तर आता पहिल्यासारखा राहिलेला नाही.”

मित्रांनो, त्या टेबलावर राजेश्वरीताईंच्या पेनाशेजारी मी पडलो होतो. तो डोळा मी पाहिला होता. पण भिंगाची साक्ष कोण काढणार?

मग तारखा सुरू झाल्या. कधी समोरचे वकील आजारी, कधी कागद आले नाहीत, कधी आयोगाची एक खुर्ची रिकामी. दर तारखेला प्रार्थनाची एक रजा जाई, आणि आमोस तिच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढे. तिचा एक साहेब तिला म्हणाला, “वडिलांचा डोळा परत येणार आहे का?” तिने रजेचा अर्ज त्याच्यासमोर ठेवला. त्या संध्याकाळी तिने ते आईला सांगितलं.

साक्षीदार मिळेना. टेम्पोतल्या चौदांपैकी कुणी पुढे यायला तयार नव्हतं. आमोस मच्छिंद्रला म्हणाला, “तू हुतास ना तिथं. बॅटरी मारली आन् झालं, एवढंच सांग.”

मच्छिंद्र ग्लास विसळत राहिला. “भाऊ, मला त्यांच्यामुळं दिसतंय. माझ्या त्वांडानं त्यांच्या इरोधात कसं बोलू?”

त्याचं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्याच हातांनी त्याला नजर दिली होती. पण त्या दिवसानंतर आमोसने त्याच्याकडचा चहा सोडला, आणि इतक्या वर्षांची सोबत संपली.

डॉक्टरही लेखी मत द्यायला कचरत होते. राजेश्वरीताई चार जणांकडे गेल्या. कागद पाहून चौघेही मान हलवत आणि “माझं नाव नको” म्हणत. शेवटी श्रीरामपूरचे एक म्हातारे, निवृत्त नेत्रतज्ज्ञ, डॉ. जॉन उजागरे, यांनी आमोसला खुर्चीत बसवलं. उजव्या डोळ्याकडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. डावा डोळा मात्र यंत्रातून पुन्हा पुन्हा तपासला.

“या डोळ्याला कुणी हात लावलेला नाही ना?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“दोन वर्षांपूर्वी यातसुद्धा पिकलेला मोतीबिंदू होता असं त्यांनी लिहून ठेवलंय. पिकलेला मोतीबिंदू आपोआप नाहीसा होत नाही. वर काट्याचा डाग आहे, तेवढाच. मागचं भिंग आरशासारखं स्वच्छ आहे.” आणि त्यांनी कागद पुढे ओढून लिहायला घेतलं.

डोळ्याच्या आतही एक भिंग असतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याच जातीचं. उजव्या डोळ्यातलं ते चांगलं भिंग काढून कचऱ्यात टाकलं होतं.

सुनावणीला हॉस्पिटलचे वकील म्हणाले, “उपचार फुकट होते, मग हे ग्राहक कसे?” राजेश्वरीताईंनी दाखवून दिलं की प्रत्येक ऑपरेशनमागे सरकारी योजनेतून हॉस्पिटलला पैसे मिळत होते, आणि त्याच महिन्यात आसपासच्या गावांतून दोनशेहून जास्त डोळे कापले गेले होते. मग त्या वकिलांनी आमोसला विचारलं, “तुम्ही स्वतः सह्या केल्यात ना?”

“केल्या साहेब. कागद दिसत नव्हता. तुमच्याच थेंबांनी.”

“आत्ता मी दिसतोय का तुम्हाला?”

“काळा कोट दिसतोय. त्वांड न्हाई दिसत.”

सोनईच्या शाळेतल्या सविताबाई आपलं घड्याळ घेऊन आल्या होत्या. शिबिराच्या आदल्या दिवशी ते आपण ताब्यात घेतलं असं त्यांनी शपथेवर सांगितलं. राजेश्वरीताईंनी झाकण उघडलं आणि मला आयोगाच्या अध्यक्षांसमोर ठेवलं. अध्यक्षांनी मला डोळ्याशी धरलं. सुईने कोरलेली तारीख आणि ‘आ’ हे अक्षर त्यांनी मोठ्याने वाचलं. मग शिबिराचा कागद हातात घेऊन तीही तारीख वाचली. दोन तारखांमध्ये दोनच दिवसांचं अंतर होतं.

निकाल २०२५ च्या उन्हाळ्यात लागला. तक्रारीच्या कागदावर अहमदनगर होतं, निकालाच्या कागदावर अहिल्यानगर. ऑपरेशनची गरज नव्हती, असं आयोगाने स्पष्ट लिहिलं आणि हॉस्पिटलने भरपाई द्यावी असा आदेश दिला. प्रार्थनाने ते वाक्य वडिलांना तीन वेळा वाचून दाखवलं. दयाने डोळ्यांना पदर लावला. आमोसने विचारलं, “म्हंजी माझा डोळा चांगला हुता, असं त्यांनी लिवलंय?”

“हो पप्पा.”

“मला ठावं हुतं,” तो म्हणाला आणि भिंतीकडे वळून आडवा झाला. जेवायलाही उठला नाही. माझा समज होता की निकालाने त्याला बरं वाटेल. पण इतके दिवस निदान एक शंका होती, की डोळा कदाचित खरंच गेला असता. त्या कागदाने तीही काढून घेतली.

पुढच्या महिन्यात हॉस्पिटलने मुंबईला राज्य आयोगात अपील केलं. भरपाई थांबली. पुन्हा तारखा सुरू झाल्या. नगरचं ते हॉस्पिटल चालूच आहे.

आणि गेल्या दिवाळीनंतर घोडेगावात पुन्हा शिबिर झालं. नाव दुसरं होतं, गोळा करणारा श्रीमंतच. सोमवारी सकाळी टेम्पो स्टँडवर उभा राहिला तेव्हा आमोस काठी टेकत तिथे गेला. मी त्याच्या खिशात होतो. बाजारात भाजी विकणारी साळूबाई पायरीवर पाय ठेवत होती. तिचा आवाज ऐकून आमोसने टेम्पोचं दार धरलं.

“साळूबाई, तुला दिसत न्हाई का?”

“दिसतंय की. पर पिकलाय म्हनत्यात.”

“मलाबी तेच म्हनले हुते. माझ्या डोळ्याकडं बघ. समद्यांनी बघा. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. चार दिसांनी काय बिघडत न्हाई.”

“आमोसभाऊ, दार सोडा,” श्रीमंत म्हणाला. “तुमचं नशीब वंगाळ, त्याला लोकांनी काय करायचं? मच्छिंद्रला इचारा, कसा खडखडीत झालाय.”

आतून कुणीतरी म्हणालं, “गाडी फुकट हाय, मागनं कोन नेनार?” आमोस दार सोडेना. त्याचा आवाज फाटला. “पाया पडतो तुमच्या,” तो म्हणाला, आणि खरंच वाकला. वाकताना त्याचा अंदाज चुकला आणि हात टायरवर टेकला. साळूबाईने ते पाहिलं. तिने पाय खाली घेतला, पिशवी काखेत मारली आणि त्याला उठवून बाजूला घेतलं.

टेम्पो निघाला. आमोसने विचारलं, “किती गेले गं?”

साळूबाईने मान वळवून मोजले. “नऊ,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी प्रार्थनाने साळूबाईला श्रीरामपूरला नेलं. तिला फक्त चष्मा लागला. त्या नऊ जणांपैकी किती जणांना खरंच मोतीबिंदू होता, हे मला माहीत नाही. त्यांनाही कधी कळणार नाही.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, पण वाचता येतं तुम्हाला. तुमच्या आजीच्या, आजोबांच्या हातात कुणी ऑपरेशनचा कागद दिला, तर तो त्यांना वाचून दाखवा. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, असं डॉक्टरांना विचारायला लावा. दुसऱ्या एका डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका. खरा मोतीबिंदू असेल तर तो चार दिवस थांबतो, आणि चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. मी काच आहे. तडा गेला तर पुण्याच्या पेठेत माझ्यासारखी डझनभर मिळतील. आमोसचा उजवा डोळा एकच होता.